एकशे बारा किलोमीटरची चोरी

१

कुलूप शाबूत होतं. गाडी जागेवर होती. चारी चाकं, स्टेपनी, काचा, मागच्या सीटवर अंथरलेला चौकड्यांचा टॉवेल, सगळं जिथल्या तिथे होतं. तरी सुधाकररावांनी सदऱ्याच्या टोकाने चष्मा पुसला, खिडकीतून आत वाकून डॅशबोर्डकडे पुन्हा एकदा पाहिलं आणि मागे न वळताच म्हणाले,

"केशवराव, तुमची गाडी कोनीतरी चोरून नेते. आन परत जाग्यावर आणून ठेवते."

शेडच्या दाराशी उभे असलेले केशवराव हसले. उंचपुरा माणूस, भाजीचा अडत्या, चार माणसांत ऐकू जाईल असा आवाज. पण ते हसणं अर्ध्यातच थांबलं, हे सुधाकररावांच्या सुनेच्या, भागीरथाच्या लक्षात आलं.

"गाडी इथून हलली नाई सुधाकरराव. मागच्या रविवारी तुमी पाहून गेले, तवापासून तिले कोनी हात नाई लावला."

सुधाकररावांनी खिशातली छोटी वही काढली. "मागच्या रविवारी तुमी गाडी आत लावली, तवा काटा होता एकतीस हजार चारशे सहा. आज हाये एकतीस हजार पाचशे अठरा." त्यांनी वही मिटली. "एकशे बारा किलोमीटर. बंद कुलपात."

एकोणीसशे शहाण्णवचा मार्च महिना होता. आदिलाबादेत तेव्हा चारचाकी असलेली घरं लोकांना तोंडपाठ होती. कोणाची गाडी कोणत्या दवाखान्यासमोर उभी आहे यावरून कोण आजारी आहे ते कळायचं. अशा गावात एक पांढरी मारुती आठशे आठवड्याला एकशे बारा किलोमीटर जाऊन येते आणि कोणाला पत्ता नाही?

"गाडी चांगली हाये," सुधाकरराव सुनेला म्हणाले. "पण हे एकशे बारा कोनाचे, ते कळल्याबिगर मी हो म्हणणार नाई. चाल बाई."

भागीरथा ड्रायव्हरच्या सीटवर बसून बघत होती. उतरताना तिचे गुडघे स्टेअरिंगला अडले. तिने वळून सीटकडे एकदा पाहिलं.

२

भागीरथा भीमपूरच्या मराठी शाळेत शिक्षिका होती. घरापासून तीसेक किलोमीटर. उन्हाळा लागला की सगळ्या जिल्ह्यात 'ओंटीपूट बडी', म्हणजे अर्ध्या दिवसाची शाळा सुरू व्हायची आणि आठला घंटा व्हायची. पहिली बस भीमपूरला पोचायची आठ वीसला. पोरं रांगेत उभी राहून प्रार्थना संपवायची, तेव्हा बाई धुळीतून पळत यायच्या. एप्रिलअखेर हेडमास्तर निवृत्त होणार होते. वरच्या साहेबांनी स्वच्छ सांगितलं होतं : जून महिन्यापासून वर्षभर, उन्हाळ्यातही, वेळेवर शाळा उघडणार असाल तर चार्ज तुम्हाला, नाहीतर दुसऱ्या कोणाला देऊ आणि तुमची बदली दूर कुठेतरी करू. उत्तर महिनाअखेरपर्यंत हवं होतं.

घरात एक फियाट होती, पण ती नवरा नागनाथ सकाळीच बँकेच्या नोकरीवर घेऊन जायचा, अगदी दुसऱ्या दिशेला. म्हणून दुसरी गाडी. नवी परवडणार नव्हती.

जुनी गाडी पारखायचं काम सासऱ्यांनी आपल्याकडे घेतलं. सुधाकरराव तेहतीस वर्षं बस डेपोत होते. कोणती बस किती धावली, किती डिझेल प्यायली, हे लिहिण्यात त्यांचा जन्म गेला. त्यांचे वडील दुसऱ्याच्या कापसात मजुरीला जायचे, आणि हा मुलगा डेपोच्या गेटवर बसून शंभर गाड्यांचा जाब विचारायचा. गंमत म्हणजे त्यांना स्वतःला गाडी चालवता येत नव्हती.

त्यांची रीत साधी होती. इंजिन थंड असताना जायचं. सुरू केल्यावर धूर कोणत्या रंगाचा ते बघायचं. दार लावून आवाज ऐकायचा. मग गुडघे टेकून गाडीखाली डोकं घालायचं. एका ठेकेदाराची ॲम्बेसेडर त्यांनी धुरावरून नाकारली. एका डॉक्टरच्या गाडीचा काटा वीस हजार सांगत होता, पण क्लचच्या पायपट्टीचं रबर झिजून गुळगुळीत झालं होतं. "पाय खोटं बोलत नाई," म्हणून तीही गेली. तिसरी ही पांढरी आठशे. केशवरावांचे थोरले भाऊ अमृतराव यांची. बियाण्यांचं दुकान होतं त्यांचं. ते वारून दोन वर्षं झाली होती. घराच्या मागच्या दोन खोल्यांत त्यांची बायको सोजरबाई राहायची, पुढे केशवराव. गाडी बाजूच्या शेडमध्ये.

"मला तर दारूचा वास येऊन राह्यला," त्या दुपारी जेवताना नागनाथ म्हणाला.

तेव्हा आंध्र प्रदेशात दारूबंदी होती आणि पलीकडे महाराष्ट्रात नव्हती. सरहद्दीवरून बाटल्या आणणाऱ्या गाड्यांच्या गोष्टी रोज ऐकू यायच्या. "उद्या गाडी आपल्या नावावर झाली आन नाक्यावर कोनी ओळखली, तर शाळेची हेडमास्तरीण जेलात."

"त्यासाठीच तर इचारून राह्यलो," सुधाकरराव म्हणाले. त्यांनी खिशातून कागदाची पुडी काढून ताटाशेजारी उलगडली. आत हिरव्या काचेचा नखाएवढा तुकडा होता. "सीटखाली सापडला."

"बाटलीची काच! मी म्हटलं नव्हतं?"

भागीरथाने तुकडा उचलून उजेडात धरला. बारीक, गोल घडणीचा, आणि एका बाजूला सोनेरी ठिपका.

"बाटलीची नाही ही," ती म्हणाली. "बांगडी आहे. आणि लहान मापाची. सव्वादोनची असेल."

सुधाकरराव सुनेकडे बघत राहिले. "आन अजून काय पाह्यलं तू? शेडातून निघताना तुह्या मनात काहीतरी होतं."

"मामाजी, मागच्या रविवारी केशवरावांनी गाडी आत लावली तेव्हा सीट पार मागे सरकवली होती. आज माझे गुडघे स्टेअरिंगला लागले. शेवटी जो कोणी गाडीत बसला तो माझ्यापेक्षाही बुटका आहे."

३

सोमवारी शाळा सुटल्यावर दुपारच्या उन्हात सासरा-सून दौलतच्या गॅरेजवर गेले. गाडीची दुरुस्ती हा मिस्त्री करायचा, आणि किल्ल्यांचा एक जोड जानेवारीत आठ दिवस त्याच्याकडे होता, हे केशवरावांनीच सांगितलं होतं. मनात असतं तर दुसरा जोड करून घेणं त्याला अवघड नव्हतं.

दौलतने हात पुसत पुसत ऐकून घेतलं आणि डोळे बारीक केले. "साहेब, आजकाल दारूवाल्यायमुळं पांढऱ्या गाड्यायचं काही खरं नाई. अडवली तर सांगता येते, डॉक्टर हाये, पेशंट हाये."

"तुह्याकडं किल्ली होती म्हणे."

"होती. मंग? मी नेली म्हणता?" दौलत उसळला आणि बाकावरून उठला. उठताना त्याचं पोट आधी उठलं. सुधाकररावांनी त्या पोटाकडे शांतपणे पाहिलं, आणि भागीरथाला हसू आवरेना. पार पुढे ओढलेल्या त्या सीटवर दौलत बसूच शकला नसता.

"नाई दौलत, तू नाई नेली," ते म्हणाले. "एक सांग. आठशे एका लिटरला किती देते?"

"ही? सोळा-सतरा. लई जपून वापरलेली हाये."

बाहेर आल्यावर सुधाकररावांनी वहीत काहीतरी लिहिलं. "एकशे बारा किलोमीटर म्हणजे सात लिटर, बाई. पाव टाकी. मागच्या रविवारी पेट्रोलचा काटा अर्ध्यावर होता. काल?"

भागीरथाने डोळे मिटून आठवलं. "अर्ध्यावरच."

"म्हणजे कोनीतरी चालवते, आन कोनीतरी भरते."

मारोती मोंढ्यात, म्हणजे घाऊक बाजारात, भेटला. अमृतरावांच्या काळात तो दुकानाचा टेंपो चालवायचा, आता केशवरावांसाठी भाजी वाहायचा. ताडमाड माणूस, बसला तरी डोकं टपाला लागायचं.

"आठशेले मी हात नाई लावत साहेब," तो म्हणाला. "मोठे मालक स्वतःच चालवत. मले कवाच देली नाई. आन मले टाइम कुठं हाये? सोमवार, मंगळवार, गुरुवार, शुक्रवार, हे चार दिवस पहाटे साडेचारले मालकायले घेऊन लिलावाले जातो, ते आठले परततो."

"टेंपो डिझेलचा न?"

"व्हय."

"मंग पेट्रोल कायले घेता?" सुधाकररावांनी सहज विचारावं तसं विचारलं. टेंपोच्या कोपऱ्यात पाच लिटरचा प्लास्टिकचा डबा होता आणि त्याला पेट्रोलचा वास येत होता.

मारोती गोंधळला. "ते... मालक घेतेत. दर शनिवारी पंपावर भरून घेतेत, लागलं तर दोनदा. मी इचारलं नाई."

संध्याकाळी रेडिएटर पाहायचंय असं सांगून सुधाकररावांनी केशवरावांकडून शेड उघडून घेतलं. रविवारी पाचशे अठरावर असलेला काटा आता पाचशे सेहेचाळीसवर होता.

कालपासून कोणीतरी गाडी आणखी अठ्ठावीस किलोमीटर नेली होती.

४

बुधवारी ते सोजरबाईंकडे गेले. त्या मागच्या खोलीत तांदूळ निवडत बसल्या होत्या. लहानखुऱ्या, फिक्या लुगड्यातल्या, हात रिकामे. त्यांनी भागीरथाला पाट दिला, सुधाकररावांना खुर्ची, आणि चहा टाकला.

"गाडीतलं मले काय समजते?" त्या म्हणाल्या. "हे होते तवा बसत होती बाजूले. आता देर इकतो म्हणतेत तर इका म्हटलं."

"शेडाच्या-गाडीच्या किल्ल्यायचा एक जोड तुमच्याकडं असते न, वैनी?"

"असते तिथं खिळ्याले. कोनीबी घेऊ शकते."

सुधाकरराव उठून त्या खिळ्याकडे बघायला लागले. तेव्हा भागीरथाच बोलली, खरं तर उगाच, जागा भरून काढायला. "काकू, मी नवीनच शिकले आहे. आमच्या फियाटचे गिअर वेगळे. चालवून पाहिली तेव्हा तुमच्या गाडीत मला दुसरा गिअर पडतच नव्हता, खरखर करत होता."

"एकदम नाई टाकायचा," सोजरबाई म्हणाल्या. "जरा दम घेऊन टाकला की लोण्यासारखा पडते." त्यांचा डावा हात तांदळाच्या सुपावरून उठला, हवेत थोडा मागे आला आणि तिथेच थबकला. मग त्या घाईने म्हणाल्या, "असं हे म्हणत."

चहा उतू गेला. त्या उठल्या.

बाहेर केशवराव अंगणात उभे होते. त्यांना सुधाकररावांनी एकच प्रश्न विचारला. "तुमी गाडीत पेट्रोल टाकता?"

"छे! बंद गाडीत कायले टाकू?" ते म्हणाले आणि शेड उघडायला पुढे झाले. काटा पाचशे चौऱ्याहत्तरवर होता.

घरी आल्यावर सुधाकररावांनी वही उघडून मधोमध ठेवली. "आता पाह्य बाई. रविवार ते सोमवार अठ्ठावीस. सोमवार ते आज अठ्ठावीस. म्हणजे एक फेरी अठ्ठावीसची. मंगळवार-बुधवार मिळून एकच झाली. आन पहिल्या हप्त्यातले एकशे बारा म्हणजे?"

"अठ्ठावीस चोक," भागीरथा म्हणाली. ती बोटांवर मोजू लागली. "चार फेऱ्या. सोम, मंगळ, गुरू, शुक्र. लिलावाचे दिवस!"

"तवा केशवराव आन मारोती दोघंबी लिलावात, पन्नास मानसायसमोर. ते नाई. दौलत त्या सीटवर मावत नाई. राह्यलं कोण?"

"पण मामाजी, बांगडी? सोजरकाकूंच्या हातात तर काहीच नाही. हिरवा चुडा त्या कशाला घालतील?"

"ते मलेबी नाई समजलं," सुधाकरराव म्हणाले. "आन कुठं जाते, तेबी नाई. चौदा किलोमीटर जायचं, चौदा यायचं. गावाबाहेर पाच रस्ते जाते. पाचायचे चौदावे दगड मले माहीत हाये. पण रस्ता कोणता?"

भागीरथा उठली आणि दाराबाहेर काढलेली स्वतःची चप्पल घेऊन आली. तळव्याला काळे ठिपके चिकटले होते.

"भीमपूरचा," ती म्हणाली. "रविवारी मी मडगार्डवर डांबराचे शिंतोडे पाहिले, ताजे. गेले पंधरा दिवस आमची बस रोज थांबते तिथे. कामावरच्या बायका 'मेल्लगा, मेल्लगा' म्हणून हळू जायला सांगतात. दुसऱ्या कोणत्या रस्त्यावर सध्या डांबर पडतंय?"

सुधाकररावांनी तिच्याकडे असं पाहिलं, जसं ते डेपोत एखाद्या चोख लॉगशीटकडे पाहायचे.

"भीमपूर रस्त्यावर चौदावा किलोमीटर," ते हळूच म्हणाले. "लिंबाचा फाटा. तिथं भागाबाईचं चहाचं हॉटेल हाये."

५

गुरुवारी नागनाथने बसने कामावर जायचं ठरवलं आणि पहाटे पाचला भागीरथाने फियाट बाहेर काढली. शेजारी सुधाकरराव, गुडघ्यावर टिफिन. मोहाची फुलं गळायचे दिवस होते. सगळ्या रस्त्याला तो गोडसर, जडसर वास होता. पुढे कितीतरी वर्षांनी, जिल्ह्याचेच तुकडे झाल्यावर, एखाद्या मार्चमध्ये असा वास आला की भागीरथाला ती पहाट आठवायची. मागून हेडलाइट दिसला की दचकणारी ती स्वतः, आणि "चाल, बराबर चालली तू," म्हणणारे मामाजी.

भागाबाईच्या हॉटेलामागे गाडी लावून ते बाकावर बसले. पूर्व पांढरी झाली. पावणेसहाला वळणावर एक पांढरी गाडी दिसली. ती संथ, सरळ, रस्त्याच्या डाव्या कडेने आली, डांबराच्या ढिगाजवळ हळू झाली आणि लिंबाखाली एका दमात, पुढेमागे न करता उभी राहिली. भागीरथाला अशी लावायला चार वेळा प्रयत्न करावा लागला असता.

दार उघडलं. सोजरबाई उतरल्या. दोन्ही हातांत हिरव्या बांगड्या होत्या.

त्यांनी बाकाकडे पाहिलं आणि दाराला धरून उभ्या राहिल्या. मग त्यांचा उजवा हात डाव्या मनगटावर गेला, बांगड्या झाकायला.

भागीरथा धावत गेली. "राहू द्या काकू. राहू द्या न."

भागाबाईने न विचारता चहा आणला. सोजरबाई बाकाच्या टोकाला बसल्या. बशीत ओतलेला चहा त्यांनी फुंकून फुंकून संपवला.

"त्यायचे डोळे साखरेनं गेलते," शेवटी त्या म्हणाल्या. "लोकायले माहीत नव्हतं. गाडी घेतली आन तिसऱ्या वर्षीच दिसायचं कमी झालं. दुकान सोडून गावोगाव बियाणं पोचवायचं, वसुली करायची, कसं जमावं? मले म्हणाले, तू शीक. याच रस्त्यावर शिकवलं. लायसनबी काढून देलं, घरात सांगू नको म्हणाले. गावात ते चालवत, रस्ता पाठ होता त्यायले. नाका सुटला की गाडी थांबवत. ते इकडं, मी तिकडं. मुधोळपर्यंत गेलो आमी असे. इकडून परतताना इथं चहा प्यायचा आन पुन्हा जागा बदलायची नाक्यापाशी."

"आणि बांगड्या?" भागीरथाने विचारलं.

"मुधोळच्या बाजारात घेऊन देलत्या त्यायनंच. त्या गाडीच्या कप्प्यातच राहून गेल्या. दिवाळीनंतर एक दिवस मन लई घाबरं झालं. दीड वर्ष त्या दोन खोल्यायत. किल्ली घेतली आन निघाली. नाका सुटल्यावर कप्पा उघडला तर ह्या." त्यांनी हात मांडीवर सोडले. "तवापासून नाका सुटला की घालते. परतताना काढते. एक फुटली मागच्या हप्त्यात काढताना. कोनी पाह्यलं तर काय म्हणतील, अमृतरावची बाई... मी काही वाईट करत नाई, सुधाकरभाऊ. येते, चहा पेते, जाते."

"वैनी, कोन म्हणते वाईट?" सुधाकररावांनी कप खाली ठेवला. "एकच इचारतो. पेट्रोल कोन भरते?"

सोजरबाईंनी मान वर केली. "मी कवाच नाई भरलं. पंपावर कशी जाऊ? काटा कधी खाली आलाच नाई. मले वाटे, त्यायनंच माह्यासाठी भरून ठेवलं." त्या कसनुशा हसल्या. "खुळेपणा हाये, समजते मले. पण इचारलं असतं तर उत्तर आलं असतं न. म्हणून इचारलं नाई."

६

त्या दिवशी भागीरथा प्रार्थनेच्या आधी शाळेत पोचली. पण तिचं लक्ष नव्हतं. शनिवारचा डबा आणि केशवरावांचं ते अर्ध्यात थांबलेलं हसू तिच्या डोळ्यांपुढून जाईना.

दुपारी ती आणि सुधाकरराव मोंढ्यात गेले. केशवराव गादीवर एकटेच होते. त्यांनी दोघांची तोंडं पाहिली आणि कोणी न विचारताच सगळं सांगून टाकलं.

"डिसेंबरात एकदा लिलावातून लवकर आलो. शेडात काही घ्यायले गेलो तर बॉनेट गरम. आधी मलेबी चोरच वाटला. मंग एका गुरुवारी मारोतीले एकट्याले पाठवलं आन गल्लीच्या टोकाले उभा राह्यलो." त्यांनी उपरण्याने तोंड पुसलं. "वैनीले पाह्यलं. सुधाकरराव, भाऊ गेल्यापासून त्या बाईनं मान वर केली नव्हती. गाडीत अशा ताठ बसल्या होत्या... मी भिंतीआड झालो."

"आन पेट्रोल भरू लागले."

"रस्त्यात संपलं तर? पहाटेच्या वेळेले, एकटी बाई. डब्बा आणून भरत राह्यलो."

"मग विकता कशाला?" भागीरथाच्या तोंडून निघून गेलं.

"भेव वाटते, बाई," तो मोठ्या आवाजाचा माणूस हळूच म्हणाला. "दारूबंदीची तपासणी चालू हाये. पांढरी गाडी दिसली की अडवतेत. कोनी हात धरून खाली उतरवलं, गावात बोभाटा झाला, तर त्या पुन्हा कवाच मान वर करायच्या नाई. मी देर हाये. 'वैनी, जाऊ नका' म्हणू कोणत्या तोंडानं? मंग त्यायले समजन की मले माहीत हाये. गाडीच नसली तर जाणार नाई, एवढंच सुचलं. एका ठेकेदारानं तुमच्यापेक्षा जास्त देतो म्हटलं होतं. त्याले देली नाई. मास्तरीणबाई चालवन म्हटल्यावर वाटलं, ठीक हाये. गाडी बाईमानसाच्या हातात राहीन."

सुधाकररावांनी वही काढली, उघडली, त्यातलं एक पान फाडून चुरगाळलं आणि खिशात टाकलं. "माहा जाब पुरा झाला. चोर नाई सापडला. चोरच नव्हता."

"वैनीले सांगू नका. पेट्रोलचं."

"नाही सांगणार," भागीरथा म्हणाली. एका घरातली दोन गुपितं तिच्या पदरात येऊन पडली होती आणि त्यातलं एकही तिला दुसऱ्याला देता येणार नव्हतं. ती थोडा वेळ भाजीच्या पोत्यांकडे बघत राहिली. मग म्हणाली, "गाडी मी घेते. पण माझी एक अडचण आहे, काकाजी. माझा हात अजून बसला नाही. मामाजींना चालवता येत नाही, यांना वेळ नाही. कोणीतरी शेजारी बसून शिकवणारं पाहिजे, निदान पाच-सहा महिने. रोज भीमपूरपर्यंत. बाईमाणूसच पाहिजे मला. तुमच्या घरात सोजरकाकूंना गाडीतलं थोडंफार कळतं असं मला वाटतं. त्यांना विचाराल का?"

केशवराव तिच्याकडे बघत राहिले. दारातून कोणीतरी भाव विचारला, त्यांना ऐकू आलं नाही.

"मी नाई इचारत," ते म्हणाले. "तुमीच इचारा. पण इचारा."

७

जूनमध्ये शाळा उघडली तो बुधवार होता. आंब्याचा हंगाम संपत आला होता आणि मोंढ्याच्या रस्त्यावर दुतर्फा हातगाड्या, बैलगाड्या, पोती. सकाळचे सात वाजून गेले होते, सगळा बाजार जागा होता. भागीरथाच्या पर्समध्ये चार्ज घेतल्याचा कागद होता. रात्रभर तिला झोप नव्हती, आणि निघतानाच तिच्या हातून गाडी दोनदा बंद पडली.

"आज तुम्ही चालवा काकू," घराच्या फाटकाशीच ती म्हणाली. "मला आज नाही जमणार."

"इथून?" शेजारच्या सीटवरून सोजरबाई म्हणाल्या. "बाजारातून?"

"दुसरा रस्ता कुठे आहे?"

त्या क्षणभर बसून राहिल्या. मग उतरल्या, गाडीला वळसा घालून आल्या, सीट पुढे ओढली आणि पदर खांद्यावर घट्ट घेतला.

बाजारात गाडी शिरली तशी माणसं बाजूला होत गेली आणि बघत राहिली. लसणाच्या ढिगामागच्या बाईने शेजारणीला कोपराने ढोसलं. तेलुगूत, मराठीत, उर्दूत कुजबुज झाली. सोजरबाईंनी इकडे तिकडे पाहिलं नाही. केशवरावांच्या गादीसमोर मात्र गाडी थांबवावीच लागली. रस्त्याच्या मधोमध वांग्यांनी भरलेली हातगाडी आडवी उभी होती आणि तिचा मालक कुठे दिसत नव्हता.

केशवराव गादीवर होते. त्यांनी वर पाहिलं. काचेतून सोजरबाईंनीही पाहिलं. दोन वर्षांत त्या दोघांनी एकमेकांकडे असं सरळ पाहिलं नसेल.

केशवराव उठले. चपला न घालताच रस्त्यात उतरले, लुंगीचा सोगा खोचला आणि दोन्ही हातांनी ती वांग्याची गाडी ओढून कडेला केली. मग बाजूला उभे राहून, चारी बाजूंना ऐकू जाईल अशा आपल्या नेहमीच्या आवाजात ओरडले,

"सरका रे! वैनी चालली शाळेत!"